घडाघडा म्हटलेली चार पानं

अकोला, माघ, शके १७८८

तीर्थरूप बापूसाहेब काकांस, चिंतामणचा नमस्कार.

मुंबईस विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत मी नापास झालो, हे तुम्ही अमरावतीत लपवलंत. उलट कापसाच्या व्यापाऱ्यांना फराळाला बोलावून 'पुतण्या पास झाला' म्हणालात. मी त्यांच्यापुढे इंग्रजी इतिहासाची चार पानं घडाघडा म्हटली. कापूस घेऊन आलेले हिवरखेडचे किसनराव दारातून म्हणाले, "लय झाक बोलता जी. पन याचा मतलब काय होय? मले बी सांगा."

मला सांगता येईना. मुंबईच्या परीक्षक साहेबानंही हेच विचारलं होतं, तेव्हा मी नुसतं पुढचं पान म्हणू लागलो होतो. तुम्ही म्हणालात, "त्या अडाण्याला काय कळतंय!" सगळे हसले. किसनराव मान खाली घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी इथं पार्वताआत्याकडे आलो. तुमच्या छडीच्या धाकानं पाठ केलेलं तेच पुस्तक पहिल्यापासून वाचतो आहे. एक पान वाचतो, पुस्तक मिटतो आणि आत्याला मराठीत सांगतो. ती अडवते, "ते लढले काहून, हे त सांगतलंच नाई तुनं." मग पुन्हा वाचावं लागतं. महिन्यात नऊच पानं झाली, पण ती मला समजली. यंदा पुन्हा परीक्षेला बसणार आहे.

हे पत्रही आत्याला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "सगळे हसले म्हनतं. मंग तुनं काय केलं?"

काका, मीही हसलो होतो. त्या हसण्याची शिसारी मला तुमच्याबद्दल वाटणाऱ्या शिसारीहून मोठी आहे. म्हणून तुम्हालाच दोष देणारं हे पत्र धाडत नाही.

चिंतामण