बाहीची लांबी शून्य

दि. १८ नोव्हेंबर

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता जिना चढू देतो, तरी तिची कुरकुर चालूच आहे. ऑफिसात तुझ्या टेबलावर प्रिंटर ठेवलाय. जागा नव्हती म्हणून, बाकी काही नाही.

मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. असू दे, हे पत्र तक्रारीचं नाही.

परवा नाटकाचे कपडे शिवणाऱ्या कटिंग मास्तरांचा फोन आला. आपलं कपडे बेतायचं सॉफ्टवेअर ते रोज वापरतात आणि रोज नावं ठेवतात. नायिकेचा झगा बिनबाह्यांचा, म्हणून त्यांनी बाहीची लांबी टाकली शून्य. तुझं बाही आखणारं प्लगिन त्या शून्याने भागायला गेलं आणि कोसळलं. मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्यांची रंगीत तालीम होती.

"किती काम गेलं, मास्तर?"

"जायचंय काय? बाही पडली, झगा जागेवर आहे. पण तुमचं मशीन एवढं गोड कधीपासून बोलायला लागलं?"

आपलं भांडण तुला आठवतच असेल. मी म्हणत होते, प्लगिनं मुख्य प्रोग्रामच्या पोटात नकोत, प्रत्येकाला स्वतंत्र प्रोसेस देऊ, आपापलं वेगळं चालू दे. एक पडलं तर बाकीचं वाचेल. तू म्हणालास, "ताई, मग त्यांच्यातल्या निरोपांची ने-आण करण्यातच सगळा वेळ जाईल. आणि सरळ सांग ना, माझ्या कामावर तुझा भरवसा नाही." मग शेवटची आवृत्ती बांधून दिलीस, स्वतःचं दुकान थाटलंस आणि अबोला धरलास. मी समजून चालले, की सगळं होतं तसंच ठेवून गेलास.

फोन ठेवला आणि तुझा कोड उघडला. बाही स्वतंत्र प्रोसेसमध्ये. कॉलर स्वतंत्र, खिसा स्वतंत्र. माझ्याशी एक अक्षर न बोलता जाण्याआधी सगळं हलवलंस, शहाण्या. वेगाचं दुखणंही काढलंस, निरोप गठ्ठ्याने पाठवून. आणि मास्तरांना दिसलेली ती पाटी: "बाही पडली. बाकी काम शाबूत आहे. घाबरू नका, मी पुन्हा उभी करतो." सायकलवरून पडलास की मी तुला असंच काहीसं म्हणायचे. वाचून मला रडूच आलं.

कोडमध्ये त्या पाटीखाली तू एक नियम लिहिलायस. समोरून उत्तर आलं नाही, तर प्लगिन मेलं असं धरायचं नाही. थांबायचं, पुन्हा विचारायचं. हे मला सुचलं नसतं. मी सरळ बंद केलं असतं.

सख्ख्या भावाचे कसले आभार, असं आई म्हणते. मी मानते. मनापासून मानते.

परत ये असं म्हणत नाही. तुझं दुकान तुझं, माझं माझं. फक्त निरोप येऊ-जाऊ देत. त्या शून्याला मी हात लावलेला नाही, बाही तुझी आहे. मास्तरांना म्हटलं, बाही नको असेल तर बाहीचं बटण दाबू नका. ते म्हणाले, "मग दिलंय कशाला?" याला उत्तर तूच दे.

प्रिंटर आज खाली उतरवला.

या पत्रालाही उत्तर आलं नाही, तरी मी भलतं काही धरणार नाही. थांबेन.

पुन्हा विचारणारी,
तुझी ताई