नवा कटआउट

कमळे,

तू विहिरीवर गेलीस तेवढ्यात निघतोय. धोंडूदादाला घेऊन मंडणगडला कौलं पोचवायला चाललोय. होय, आपलाच धोंडूदादा!

काल टेम्पोचा बिघडलेला कटआउट बदलला. आता बॅटरी चार्ज होते, चावी फिरवली की गाडी चालू. पण सकाळी दादा रोजच्यासारखा बाह्या सरसावून मुकाट धक्का मारायला आला आणि मला सांगवेना. फणसावरून भांडलो तेव्हापासून आम्हा भावांत उरलं होतं काय, तर तेवढा धक्का. म्हणून गपचूप स्टिअरिंगवर बसलो. त्याने जीव खाऊन ढकललं, गाडी तसूभर हलेना. शेवटी ओरडला, "मेल्या, हँडब्रेक काढ आधी!"

शिमग्यापासूनचा त्याचा पहिला शब्द. मला हसू आवरेना, मग तोही हसत सुटला. गाडी चालू झाल्यावर आपणहून शेजारी येऊन बसला. आता हॉर्न वाजवून माझा जीव घेतोय.

वहिनीला जेवायला बोलाव. कोलंबीचं कालवण कर, दादाला आवडतं.

नव्या कटआउटचं कुणाकडे बोलू नको. जुना गोठ्यात पेंढ्याखाली ठेवलाय, तो टाकू नको. पुन्हा अबोला झालाच, तर तोच परत बसवीन.

लवू