ओल्या फडक्यानं पुसलेला कॉम्प्युटर

प्रेमिला,

काल तुह्यावर लय ओरडलो. पण सिमेंटच्या गावात वाढलेली पोरगी कॉम्प्युटरच्या आतली धूळ ओल्या फडक्यानं पुसते का बाई?

मेमरीच्या चिपा मेल्या नाईत. सिमेंटची धूळ ओली झाली अन् त्यायच्या पायांत दगडासारखी बसली. पहाटे पहिल्या ओळीतल्या चिपा काढल्या, टाचणीनं पाय खरवडले अन् परत दाबून बसवल्या. आता मशीन आर्धी मेमरी मोजते अन् अडते. म्हणजे दोष दुसऱ्या ओळीत हाये. ती ओळ तुह्यासाठी ठेवली. आधी बटन बंद कर. एकएक चिप सरळ उचल, पाय वाकवू नको. एखादी तरीबी चालली नाई, तर डब्यात नवी हाये. फॅक्टरीनं भंगारात काढलेली मशीन हाये, बिघडन म्हणून भेऊ नको.

मी पहिल्या एसटीनं गडचिरोलीले चाललो, तुह्या सासरी. तिथं राहिलेली तुही पेटी घेऊनच येतो. भांडणार नाई. पोरीले कवा धाडता म्हणून त्यायनं इचारलं, तर सांगीन, ती कामात हाये.

बाबा