पल्याडची माती

आबा, तो फॉर्म आठवडाभर टेबलावर पडून आहे. पोहणं, सायकल आणि पळणं, तिन्ही एकामागोमाग करायची शर्यत आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, ‘कोण मागं लागलंय व्हय गं?’ तर त्यात दोन अंतरं आहेत, एकावर खूण करायची. तुमच्या मापानं सांगते. छोट्यात घाटावरनं पल्याड चारेक वेळा जाऊन यायचं, मग हातकणंगल्याइतकी सायकल मारायची आणि वर पाच किलोमीटर पळायचं. मोठ्यात सगळं दुप्पट, म्हणजे सायकल थेट जयसिंगपूरपर्यंत. सायकलवाल्या ग्रुपमधले सगळे सांगतात, पहिलीच शर्यत आहे, गप छोटं घे. मी मात्र मोठ्यावर अडून बसले होते. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

मी अकरा वर्षांची असेन. रविवार, तुम्हाला डेपोची सुट्टी, आणि पंचगंगेवर हे एवढं धुकं. तुम्ही शेवटच्या पायरीवर टॉवेल घेऊन उभे. हाताचा डिझेलचा वास साबणानंही जायचा नाही. तुमचा नियम ठरलेला होता. पोहता येतं म्हणायचं असेल तर पल्याडचा काठ शिवून यायचं आणि खूण म्हणून मूठभर माती आणायची. ‘हाक मारीन, ओ द्यायची. ओ न्हाय आली तर मी पाण्यात,’ तुम्ही म्हणालात. ‘जातो की मी,’ मी म्हणाले. आपल्याकडं पोरीसुद्धा जातो-येतोच म्हणतात. आई पुण्याला दादाकडं राहायला गेली, तेव्हापासून ती त्यावरनं मला टोकते. तर मी निघते. पाणी गार आहे. तुमची हाक येते, मी ओ देते. दुसरी हाक लांबनं येते. मधोमध पाण्यावर वाढलेलं केंदाळ पायाला गुंडाळतं आणि माझं अवसानच जातं. पल्याड दिसत नाही, अल्याडही दिसत नाही. मी वळते. घाटाच्या जरा खालच्या अंगाला बुडी मारून तिथलीच माती मुठीत घेते आणि तुमच्यासमोर येऊन उभी राहते.

तुम्ही माझी मूठ उघडलीत. माती बोटांनी चोळलीत, त्यातनं काहीतरी चिमटीत धरून काढून टाकलंत आणि म्हणालात, ‘येळेत वळलीस. ब्येस केलंस.’ मग ती माती दारातल्या मोगऱ्याच्या डब्यात घातलीत आणि गल्लीभर सांगत सुटलात, ‘पोरीनं पल्याडची माती आणली.’ मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढच्या वर्षी खरंच पल्याड जाऊ आणि मग सांगू, असं मी मनाशी ठरवलं होतं. पुढच्या वर्षी तुम्हीच गेलात. त्याला आता पंधरा वर्षं झाली, मी नदीत उतरलेच नाही.

म्हणून मोठं अंतर. तेव्हा राहिलेलं पाणी आता दुप्पट पोहून काढायचं, असं डोक्यात घेतलं होतं. परवा सायकल काढली आणि पुलावरनं पल्याड गेले. काठावर बसले, माती हातात घेतली. उसाच्या रानातली, काळीभोर, चिकट. घाटाची माती अशी नसते. तिच्यात निर्माल्य कुजलेलं असतं, पाकळ्या असतात, हारांचे दोरे असतात. आणि तिथं बसल्याबसल्या मला आठवलं, तुम्ही चिमटीत धरून काढलेला तो दोराच होता. आबा, तुम्हाला कळलं होतं. ओ कुठनं आली, त्यावरनंच आधी कळलं असणार. ‘येळेत वळलीस’ म्हणजे काठ शिवून वळलीस, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुम्ही तर मधनंच माघारी वळल्याला ब्येस म्हणत होता. येडीच की मी. फार रडले. वैरणीचा भारा घेऊन चाललेली एक बाई थांबली. ‘काय हारवलंय व्हय गं बाई?’ मी न्हाय म्हणाले.

आज छोट्यावर खूण केली. तुम्हाला दाखवायचं काही उरलंच नव्हतं, मग मोठ्याचं खरं कारण तेवढं शिल्लक राहिलं. मोठ्यासाठी सराव जास्त लागतो, त्यात रविवार दुपारपर्यंत निघून जातो. घरी कुणी नसतं. आई फोनवर स्थळं सांगते, मी हं हं म्हणते, आणि फोन ठेवला की सोमवारपर्यंत बोलायला कुणी नाही. शर्यत तुमच्यासाठी, असं म्हणून मी हे एकटेपण तुमच्यावर ढकललं होतं. फॉर्ममध्ये त्या दिवशी सोबत कोण येणार, असा एक रकाना आहे. तो कोराच ठेवलाय. हा कागदही वहीतच राहील.

एक तेवढं सांगते. काल सकाळी, सराव करते त्या तलावात मधोमध पोचले, थांबले आणि मोठ्यानं ओ दिली. हाक कुणी मारली नव्हती.