नवा सबवूफर आणि खालचे दंतवैद्य

अगं,

टीव्हीला नवा सबवूफर जोडला, धमधम घुमणारा स्पीकर! सोफ्यामागे ठेवलाय, हलवू नकोस.

'हल्लीच्या सिनेमांत राम नाही' म्हणत तू उठून जातेस, पण तुला ऐकू येत नाही हे मला कळतं. म्हणून मी कानांत कापूस कोंबून, अनवाणी बसून चाचणी घेतली. ढोल वाजला की थेट तळव्यांतून पोटात पोचतो, शपथ!

खालच्या दंतवैद्यांची बेल मात्र कापसामुळे पोचली नाही. शेवटी ते दार ढकलून आत आले आणि मी कापूस काढल्यावर म्हणाले, "काका, माझ्या पेशंटची दाढ आपोआप हलायला लागली!"

त्यांची माफी मागायला खाली गेलोय. तू चपला काढून बस आणि रिमोटचं लाल बटण दाब. मला खाली कळेलच. माफी अर्धवट टाकून वर येतो.

तुझाच,
बहिरा तंत्रज्ञ