न खळखळणारं पाणी

प्रिय आई,

पाया पडते. आधीच सांगते, मी ठीक आहे. फोनवर तू नुसतं ‘हो हो’ म्हणतेस, ऐकू काहीच येत नाही, म्हणून लिहितेय. अक्षराकडे बघू नकोस, डावा हात आहे.

परवा ऑफिसात चहासाठी मायक्रोवेव्हमध्ये कपभर पाणी ठेवलं. ना बुडबुडा, ना आवाज. पाणी खळखळल्याशिवाय तापलं म्हणू नये, हे तुझंच शिक्षण, म्हणून आणखी दोनदा तापवलं. तरी गपगार. चमचा घातला मात्र, सगळं पाणी उसळून हातावर आणि तोंडावर आलं. डॉक्टर म्हणाले, या मशीनमध्ये पाणी कधीकधी उकळी न दाखवताच भलतं तापतं.

तसलंच मशीन तुला मीच पाठवलं ना! स्टीलचं भांडं, अख्खं अंडं आत ठेवू नकोस म्हणून बजावलं, साध्या पाण्याचं मात्र सुचलंच नाही. पाणी गॅसवरच तापव गं.

गुडघा कसा आहे?

माझे डोळे चष्म्यामुळे वाचले. तू तर भांड्यात डोकावताना वाफ धरते म्हणून चष्मा आधी काढून ठेवतेस.

जीव टांगणीला लागलेली,
तुझी थोरली