वजनाला माणूस

आई, येडगावच्या एका गिऱ्हाइकाची जुनी छोटी गाडी आज पुरी झाली. माझ्या लहानपणी लग्नाच्या वरातीत फिरायच्या ना, गोल दिव्यांच्या, त्यातली. रंग परवाच वाळला होता. राहिली होती ती बाहेरची चकचकीत पट्टी, पुढच्या मडगार्डापासून दोन्ही दारांवरून थेट मागच्या दिव्यापर्यंत जाणारी. ही पट्टी हातात घेतली की माझं डोकं फिरतं. ती वाकडी बसते म्हणून नाही, तू आठवतेस म्हणून.

आबांचा नियमच होता. क्लिपा दाबून झाल्या, पट्टी टेकली, की नट आवळायच्या आधी गाडीत माणूस बसलं पाहिजे. जुनी बॉडी वजनानं दबते, दाराची रेघ एकीकडं आणि मडगार्डाची दुसरीकडं जाते, असं ते सगळ्यांना सांगायचे. आणि माणूस म्हणजे तू. जुन्नरच्या आपल्या गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमधून ते घराकडं हाक मारायचे, "ए, ये गं वजनाला!" तू पिठाचे हात पुसत यायचीस. "हलू नको, लाइन बिघडंल," म्हणून ते दार लावून घ्यायचे आणि तासभर तुझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. तू पुढच्या सीटवर पदर सावरून बसलेली, काचेबाहेर बघतेयस. कधी कधी तुझा डोळा लागायचा. एकदा शेजारणीनं विचारलं, काय गं, गाडीतून कुठं निघालीस? तू हसत म्हणालीस, "कुठं जातीय बाई! आमच्या ह्यांना माझं वजन तेवढं कामाचं." तीही हसली. मला मात्र ते लई लागलं होतं.

आणि तू एकदाच तर मागितलं होतंस. आणे तुझं माहेर, तिथल्या जत्रेतली आमटी तुझ्या जिवाची. "एवढ्या गाड्या दारात येत्यात, एकदा आण्याला न्या की यातनं." आबा पाना पुसत म्हणाले, "गिऱ्हाइकाची गाडी हाय, आपल्या बापाची न्हाई." तू एस्टीनं गेलीस, नेहमीसारखी. शेवटी मंचरच्या दवाखान्यात नेलं तेही भाड्याच्या जीपमधून. तेव्हापासून मी आबांशी कामापुरतं बोलतो. पाना द्या, जेवून घ्या, एवढंच. लोक म्हणतात, बाप-लेक एका शेडमध्ये आणि तोंडं दोन दिशांना. म्हणू देत. ज्यानं तुला माणसात धरलं नाही त्याच्याशी गोड बोलायचं तरी कशाला, असा माझा सरळ हिशेब होता.

आज पट्टी टेकवली आणि सवयीनं बायकोला म्हटलं, जरा बस गं गाडीत. ती फिस्कारलीच. "अहो, मी काय धोंडा हाय का? ती कांद्याची पोती पडल्यात, ठेवा की!" ठेवली दोन. वाकून एका डोळ्यानं बघितलं, पट्टी सरळ. पोती उतरवून बघितलं, तरी सरळ. केसभर फरक नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबा बाकड्यावर ऊन खात बसले होते. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून ओरडलोच. "बघा! पोत्यानं बी व्हतं, पोत्याबिगर बी व्हतं! आईला कशापायी बसवत व्हता एवढा एवढा येळ?"

"मला काय म्हाईत नव्हतं व्हय?" आबा म्हणाले.

"मग?"

"मग काय मग. घरात धा माणसं. तुझी आजी तिला बूड टेकू देत व्हती का? माझ्या कामाला बसलीय म्हणल्यावर म्हातारीचं तोंड बंद. तेवढीच पाठ टेकायची तिची."

मी जवळ जाऊन विचारलं, "तिला सांगितलं व्हतं का कधी?"

"येडा का खुळा तू? सांगितलं असतं तर बसली असती व्हय ती?" एवढं बोलून ते उठले आणि फडकं घेऊन पट्टी पुसायला लागले.

आई, खरंच नसतीस बसलीस. घरात कामं पडलेली असताना आपण विसावा घेतोय म्हटल्यावर तुझी तुलाच लाज वाटली असती. म्हणून त्यांनी सांगितलं नाही, आणि तू गेलीस ती स्वतःला वजन समजूनच. आण्याचं मात्र मी आज विचारलं नाही. त्यालाही काही उत्तर निघालं असतं, आणि ते ऐकायची माझी छाती झाली नाही.

हे लिहिलंय खरं, पण पाठवायचं कुठं. बायकोच्या हाती लागू नये म्हणून जुन्या सीटकव्हरांच्या खाली सरकवून ठेवतो. एक तेवढं कबूल करतो. तू गेल्यावर तुझ्यासाठी म्हणून मी एकच गोष्ट केली, आबांवर राग धरला. इमानानं धरला, एक दिवस खाडा केला नाही. आज तोही हातातून गेला, आणि आता तुझ्यासाठी करायला माझ्याकडं काहीच उरलं नाही.